नवजात वासरांची हगवण : कारणीभूत जीवाणू आणि पहिल्या सहा तासांचे महत्त्व

खानदेशात पोळा झाला की म्हशी विण्याचा हंगाम भरात येतो. कपाशीला बोंडे धरू लागलेली असतात, ज्वारी पोटरीत असते आणि घरातील सारी माणसे शेतात गुंतलेली असतात. गोठ्यात मात्र पावसाने चिखल झालेला असतो. नेमक्या याच दिवसांत नवजात वासरे व पारडी हगवणीने दगावतात. पेरणीनंतर पहिल्या पंधरवड्यात रोपे मेली तर नांग्या भरता येतात. गोठ्यात पडलेली नांगी भरून निघायला तीन वर्षे लागतात, कारण आज गेलेली संकरित कालवड जगली असती तर साधारण अडीच ते तीन वर्षांनी दुधावर आली असती. दुग्धव्यवसायात चारा, पेंड, दुधाचा भाव यांचा हिशेब शेतकरी बारकाईने ठेवतो. परंतु मेलेल्या वासराचा हिशेब कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

माझे बालपण गिरणाकाठच्या एका खेड्यात गेले. आमच्या घरी म्हैस व्याली की वार पडेपर्यंत पारडाला आचळाला लागू देत नसत. वार पडायला कधी दुपार व्हायची, कधी रात्र. तोपर्यंतचा चीक घरात यायचा, त्याचा खरवस व्हायचा आणि शेजारीपाजारी वाट्या जायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पारडू पातळ हगू लागायचे आणि बऱ्याच वेळा जायचे. दृष्ट लागली, असे आजी म्हणायची. पुढे कृषी महाविद्यालयात पशुसंवर्धनाचा विषय शिकताना लक्षात आले की, त्या पारडाचे औषध आम्ही वाटीत घेऊन खाल्ले होते.

ही पद्धत अजून गेलेली नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शेतकरी मेळाव्यांत पिकांवरचे प्रश्न संपले की 'वासराच्या हगवणीला कोणते औषध द्यावे?' हा प्रश्न हमखास येतो. औषधाची माहिती या लेखात पुढे दिली आहे. परंतु हा रोग औषधाने बरा करण्यापेक्षा विण्याच्या दिवशीच थांबविणे सोपे आहे, आणि ते का, हे समजण्यासाठी आधी रोगाची कारणे पाहू.

हगवणीत वासराच्या शरीरात काय होते?

नवजात वासराच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. निरोगी वासराच्या आतड्यात पाणी व क्षार सतत पाझरतात आणि सतत परत शोषले जातात. रोगजंतूंमुळे पाझर वाढतो किंवा शोषण थांबते, आणि पाणी शेणावाटे वाहून जाते. त्याबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि रक्तातील आम्लता काबूत ठेवणारे क्षारही जातात. रक्त दाट व आम्लधर्मी होते, शरीर थंड पडते, वासरू दूध ओढत नाही, आडवे पडते आणि शेवटी हृदय बंद पडते.

म्हणजे बहुतेक वासरे जीवाणूपेक्षा पाणी व क्षार निघून गेल्यामुळे मरतात. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, कारण उपचाराचा क्रम तिच्यावरूनच ठरतो.

कारणीभूत जीवाणू

१) ई. कोलाय : हा जीवाणू जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेत प्रथम शोधला. माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात तो एरवीही राहतो व त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. काही जाती मात्र घातक आहेत. त्यांपासून वासरांना दोन प्रकारचा आजार होतो.

पहिला प्रकार पातळ हगवणीचा, ज्याला आपल्याकडे 'पांढरी हगवण' म्हणतात. या जातीच्या जीवाणूच्या अंगावर अतिसूक्ष्म केस असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'के-९९' किंवा 'एफ-५' म्हणतात. या केसांच्या साहाय्याने जीवाणू लहान आतड्याच्या आतील अस्तराला चिकटतो आणि तेथे विष सोडतो. विषामुळे आतडे न फाटता, न सुजता नुसते पाणी सोडू लागते. अस्तरावर या केसांना धरायला जी जागा लागते ती जन्मल्यानंतर थोडे दिवसच असते. म्हणून हा रोग प्रामुख्याने पहिल्या चार-पाच दिवसांत दिसतो. शेण पाण्यासारखे, पांढुरके किंवा पिवळसर असते, शेपूट व मागचे पाय भरतात. ताप बहुधा नसतो. उपचार न झाल्यास वासरू एका दिवसातही दगावते.

दुसरा प्रकार रक्तात जंतू पसरण्याचा. ज्या वासराला चीक मिळालेला नाही किंवा फार उशिरा मिळाला आहे, त्याच्या रक्तात ई. कोलाय नाळेतून, तोंडातून किंवा आतड्यातून शिरतो. असे वासरू सुस्त होते, दूध सोडते, कधी हगवण लागण्याआधीच मरते. त्यातून वाचले तर गुडघे व घोटे सुजतात, नाळ पिकते, वासरू लंगडते.

२) साल्मोनेला : या गटातील साल्मोनेला टायफिम्युरियम आणि साल्मोनेला डब्लिन हे दोन जीवाणू वासरांत महत्त्वाचे आहेत. रोग बहुधा दुसऱ्या आठवड्यापासून दोन-तीन महिन्यांपर्यंतच्या वासरांत दिसतो. ताप १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो. शेणाला घाण वास येतो, त्यात रक्त, शेंबडासारखा चिकट पदार्थ आणि आतड्याच्या अस्तराचे तुकडे दिसतात. हे जीवाणू आतड्याच्या भिंतीत शिरतात, म्हणून वासरू लवकर खंगते. वरून धडधाकट दिसणाऱ्या मोठ्या जनावराच्या शेणातून, उंदरांच्या लेंड्यांतून आणि दूषित पाण्यातून यांचा प्रसार होतो. हा रोग माणसालाही होतो.

३) क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स : हा जीवाणू मातीत आणि जनावरांच्या आतड्यात असतोच. त्याच्या 'सी' प्रकारामुळे पहिल्या दहा दिवसांच्या वासरांत रक्ती हगवण व अचानक मृत्यू ओढवतो. विशेष म्हणजे गोठ्यातील सर्वांत गुबगुबीत, भरपूर दूध पिणारे वासरू याला बळी पडते. दिवसभर उपाशी राहिलेल्या वासराला संध्याकाळी एकदम पोटभर दूध मिळाले की या जीवाणूला आयते अन्न मिळते. तो झपाट्याने वाढतो व विष तयार करतो. वासरू पोटावर लाथा झाडते, ओरडते आणि काही तासांत मरते. उपचाराला वेळच मिळत नाही. म्हणून दूध नियमित वेळी, थोडे थोडे पाजणे हाच खरा उपाय.

जीवाणूंखेरीज इतर कारणे

प्रत्येक हगवण जीवाणूंमुळे होत नाही. पाच ते पंधरा दिवसांच्या वासरांत रोटा व कोरोना गटातील विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म परजीवी यांमुळेही हगवण लागते. बऱ्याचदा यांपैकी एक जण वाट करून देतो आणि ई. कोलाय मागून शिरतो. तीन आठवड्यांनंतर रक्तमिश्रित शेण व कुंथणे दिसल्यास कॉक्सिडियाचा संशय घ्यावा. म्हशीच्या पारडांत मोठ्या गोल जंतांचा उपद्रव विशेष असतो. या जंतांच्या अळ्या आईच्या चिकातून व दुधातून पारडाच्या पोटात जातात, आणि दोन ते आठ आठवड्यांचे पारडू चिकणमातीसारखे, घाण वासाचे शेण टाकते. त्यासाठी पारडू दहा ते पंधरा दिवसांचे झाल्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतांचे औषध पाजावे. जंतांच्या भीतीने चीक मात्र बंद करू नये.

अंदाज बांधण्यासाठी पुढील टिपण उपयोगी पडेल :

• १ ते ५ दिवस. पाण्यासारखे पांढरट-पिवळे शेण, ताप नाही : ई. कोलाय.
• १ ते १० दिवस. रक्ती शेण, पोटदुखी, गुबगुबीत वासरू अचानक मृत : क्लॉस्ट्रिडियम.
• ५ ते १५ दिवस. पिवळे पातळ शेण, एकामागून एक वासरे आजारी : विषाणू किंवा क्रिप्टोस्पोरिडियम.
• १० दिवस ते ३ महिने; जोराचा ताप, रक्त व घाण वास : साल्मोनेला.
• २ ते ८ आठवडे. पारडू, मातकट शेण, सुटलेले पोट : गोल जंत.
• ३ आठवड्यांनंतर. रक्त व कुंथणे : कॉक्सिडिया.

हा केवळ अंदाज आहे. नक्की कारण शेणाच्या तपासणीनेच समजते. गोठ्यात एकापाठोपाठ दोन-तीन वासरे आजारी पडली तर औषध सुरू करण्यापूर्वी ताजे शेण स्वच्छ बाटलीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावे. तेथून नमुना जिल्ह्याच्या किंवा पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभागाच्या प्रयोगशाळेकडे पाठविता येतो.

चीक : वासराचे पहिले आणि खरे औषध

माणसाच्या बाळाला रोगप्रतिकारक द्रव्ये आईच्या गर्भातच काही प्रमाणात मिळतात. गाय आणि म्हैस यांच्या वारेची रचना वेगळी असल्याने ही द्रव्ये तिच्यातून वासराकडे जात नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायला जवळजवळ काहीच नसते. ती सारी शिदोरी आईने कासेत साठविलेली असते, आणि तीच म्हणजे चीक.

अमेरिकेतील रॉकफेलर संस्थेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी १९२२ मध्ये याचा प्रयोग केला. काही वासरांना चीक दिला, काहींना न देता नुसते दूध दिले. चीक न मिळालेली बहुतेक वासरे थोड्याच दिवसांत मेली व त्यांच्या शरीरात ई. कोलाय सापडला. चीक मिळालेली वासरे जगली. या प्रयोगाला शंभर वर्षे उलटून गेली, परंतु आपल्या अनेक गोठ्यांत तो रोज नकळत पुन्हा घडत असतो.

चिकातील प्रतिकारक द्रव्ये मोठ्या कणांची असतात. नवजात वासराचे आतडे ती जशीच्या तशी रक्तात घेऊ शकते, पण हे दार थोडाच वेळ उघडे असते. पहिल्या सहा तासांत शोषण उत्तम होते, पुढे ते झपाट्याने कमी होते आणि चोवीस तासांत दार बंद होते. त्यानंतर पाजलेला चीक आतड्यात थोडेफार रक्षण करतो, परंतु रक्तात जात नाही. दुसरीकडे चिकातील या द्रव्यांचे प्रमाणही पहिल्या धारेत सर्वांत जास्त आणि दुसऱ्या धारेत जवळजवळ निम्मे असते. त्यात भर म्हणजे जन्मलेल्या वासराच्या पोटात आम्ल फारसे तयार होत नाही, त्यामुळे तोंडावाटे गेलेले जंतू न मरता आतड्यात पोहोचतात. शेणाने भरलेले आचळ किंवा दावे वासराने चाटले तर चिकाच्या आधी जंतू आत जातात. पहिल्या काही तासांत चीक आणि जंतू यांची अशी शर्यत लागलेली असते.

किती पाजावा? वासराच्या वजनाच्या एक दशांश, हे प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. यातील निम्मा चीक जन्मल्यापासून पहिल्या एक-दोन तासांत व उरलेला सहा-आठ तासांच्या आत द्यावा. बारा तासांनी पुन्हा एक ते सव्वा लिटर द्यावा आणि पुढे तीन-चार दिवस चीकच चालू ठेवावा. वासरू कासेखाली उभे राहिले म्हणजे ते प्याले, असे समजू नये. संकरित गाईची कास लोंबती असेल तर वासराला आचळ सापडत नाही, आणि अशक्त वासरू नुसते चाटत बसते. म्हणून पहिला चीक स्वच्छ भांड्यात काढून बाटलीने पाजल्यास तो किती गेला हे समजते.

चीक दाट व पिवळसर असावा. द्राक्ष-डाळिंबाचे बागायतदार फळांची गोडी मोजण्यासाठी ब्रिक्समापक वापरतात, त्यावर चिकाचा थेंब टाकून पाहता येतो. आकडा २२ किंवा त्याहून अधिक आला तर चीक उत्तम समजावा. जास्तीचा चांगला चीक स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर पुढे आई दगावलेल्या किंवा कासदाह झालेल्या गाईच्या वासराला उपयोगी पडतो. तो कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवावा. उकळल्यास चीक गोठतो व त्यातील द्रव्ये निकामी होतात. चीक उघड्यावर तासन्तास ठेवू नये, कारण आपल्याकडच्या उष्णतेत जंतूंची संख्या त्यात दर वीस-पंचवीस मिनिटांना दुप्पट होऊ शकते. जुन्या पुस्तकांत चिकाऐवजी अंडे, एरंडेल तेल व दूध यांचे मिश्रण सांगितलेले आढळते. त्यातून पोषण मिळते, पण चिकातील संरक्षण मिळत नाही. दुसऱ्या गाईचा किंवा म्हशीचा चीक हाच त्याला खरा पर्याय.

वार पडण्याची वाट पाहू नये

वार पडण्याआधी चीक पाजला तर वासराला पचत नाही व हगवण लागते, असा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. वासरू आचळ ओढते तेव्हा गाईच्या शरीरात एक संप्रेरक सुटते. त्याने पान्हा उतरतो आणि त्याच संप्रेरकाने गर्भाशय आकुंचन पावून वार सुटायला मदत होते. म्हणजे वासराला पाजल्याने वारही लवकर पडते. वार साधारणपणे आठ ते बारा तासांत पडते. वाट पाहण्यात वासराचे सर्वांत मोलाचे सहा तास निघून जातात. बारा तासांनंतरही वार पडली नाही तर ती ओढू नये, त्याला वजन बांधू नये, पशुवैद्यकाला बोलवावे.

चीक प्यायल्यावर वासरू पहिला काळा, चिकट मळ टाकते आणि नंतर एक-दोन दिवस पिवळसर मऊ शेण टाकते. वासरू उड्या मारत असेल, दूध ओढत असेल तर ही हगवण नव्हे. ते पाहून चीक बंद करणे म्हणजे आजार ओढवून घेणे होय.

खरवसाला आमचा विरोध नाही. वासराचा वाटा पहिला, दुसरा वाटा फ्रीजमध्ये साठवणीचा, आणि उरला त्याचा खरवस, असा क्रम ठेवावा.

गाभण जनावराची व गोठ्याची काळजी

चांगला चीक तयार होण्यासाठी गाय-म्हैस विण्यापूर्वी दोन महिने भाकड ठेवावी. विण्याच्या तोंडापर्यंत धार काढल्यास चीक पातळ निघतो. या काळात हिरवा चारा, एक ते दोन किलो पशुखाद्य व क्षारमिश्रण द्यावे. आईच्या चिकात ज्या जंतूंशी तिची गाठ पडली आहे त्यांच्याविरुद्धची द्रव्ये असतात. म्हणून धुळे किंवा सावद्याच्या बाजारातून आणलेली गाभण म्हैस दारात येऊन चार दिवसांत व्याली, तर तिच्या चिकात आपल्या गोठ्यातील जंतूंविरुद्ध पुरेसे बळ नसते. शक्य तर विण्यापूर्वी किमान महिनाभर आधी जनावर आणावे. अनेक देशांत गाभण गाईंना के-९९ विरुद्धची लस विण्यापूर्वी टोचतात. तिचे संरक्षणही चिकातूनच वासराला मिळते, हे विसरू नये.

आपल्या भागात काळ्या जमिनीवरचे गोठे पावसाळ्यात दलदलीसारखे होतात. विण्यासाठी गोठ्याचा एक कोपरा मुरूम टाकून उंच करावा, त्यावर चुना भुरभुरून गव्हाचे काड किंवा केळीची कोरडी पाने अंथरावीत. ओले अंथरूण रोज काढावे. विण्याआधी कास व मागचा भाग कोमट पाण्याने धुऊन पुसावा. हंगामात शेवटी विणाऱ्या जनावरांची वासरे जास्त मरतात, कारण आधीच्या वासरांनी जागा दूषित केलेली असते. म्हणून प्रत्येक विणीनंतर जागा खरवडून ४ टक्के धुण्याच्या सोड्याच्या गरम द्रावणाने धुवावी व उन्हात वाळू द्यावी. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. थंडीने काकडलेले वासरू चीक ओढत नाही. त्याला पुसून कोरडे करावे, पाठीवर गोणपाट बांधावे. मे महिन्यात मात्र सावली व पाणी यांची सोय पाहावी.

नाळ शरीरापासून एक इंचावर उकळलेल्या दोऱ्याने बांधून त्याखाली स्वच्छ ब्लेडने कापावी व टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आयोडीन लावावे. शेण, राख किंवा माती लावू नये.

हगवण लागल्यास प्रथम काय करावे?

वासरू वेगळे बांधावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात. मानेची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती दोन सेकंदांत पूर्ववत झाली नाही तर पाणी कमी झाले आहे. डोळे खोल गेले आहेत का ते पाहावे. स्वच्छ बोट तोंडात घालावे. तोंड थंड आहे का आणि वासरू बोट ओढते का, हे कळते.

बोट ओढणाऱ्या, उभे राहणाऱ्या वासराला ताबडतोब क्षार-ग्लुकोजचे पाणी पाजावे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच तत्त्वाने हजारो माणसांचे प्राण वाचविले. पुढे २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आतडे कितीही पाणी सोडत असले तरी ग्लुकोज शोषून घेण्याचे त्याचे सामर्थ्य बरेचसे टिकून असते, आणि ग्लुकोजबरोबर मीठ व पाणीही आत ओढले जाते. वासरालाही हेच लागू पडते.

उकळून कोमट केलेले १ लिटर पाणी, ग्लुकोज पावडर २० ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम (चहाचा सपाट अर्धा चमचा व वर किंचित) आणि खाण्याचा सोडा अडीच ग्रॅम (सपाट अर्धा चमचा) एकत्र करावे. धुण्याचा सोडा चुकूनही वापरू नये. येथे घरची साखर किंवा गूळ चालत नाही. वासराच्या आतड्यात साखर पचविणारे विकर नसते, त्यामुळे साखरेने हगवण आणखी वाढते. अडचणीच्या वेळी आरोग्य केंद्रात मिळणारी माणसांची जलसंजीवनीची पाकिटे वापरता येतात.

२५ किलोच्या वासराचे वजनाच्या ८ टक्के पाणी गेले म्हणजे दोन लिटर तूट झाली, आणि हगवण चालूच असते. म्हणून पाऊण ते एक लिटर द्रावण दिवसातून तीन-चार वेळा पाजावे. दूध पूर्ण बंद करू नये, नाहीतर वासरू उपासमारीने खचते. नेहमीचे दूध थोडे थोडे करून जास्त वेळा द्यावे. दूध आणि द्रावण यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण सोड्यामुळे पोटात दूध नीट विरजत नाही.

आडवे पडलेल्या, बोट न ओढणाऱ्या वासराच्या तोंडात बळेच पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाते. अशा वासराला शिरेतून सलाईन लागते व ते पशुवैद्यकच देऊ शकतात. ताप, शेणात रक्त किंवा चोवीस तासांत सुधारणा नसणे, यांपैकी काहीही दिसले तरी थांबू नये. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. पोटावर डाग देणे, डाळिंबाची साल किंवा चहाचा काढा पाजणे यांनी गेलेले पाणी परत येत नाही, फक्त वेळ जातो.

प्रतिजैविके जपून

हगवण दिसली की मेडिकलमधून गोळी आणून चारायची, ही सवय घातक आहे. विषाणू, जंत किंवा परजीवी यांवर प्रतिजैविक चालत नाही, आणि साध्या हगवणीत ते आतड्यातील उपयुक्त जीवाणूही मारते. ताप, रक्त, सुस्ती ही लक्षणे असतील तेव्हा ते आवश्यक ठरते. परंतु कोणते, किती व किती दिवस, हे पशुवैद्यकाने ठरवावे व ठरविलेली मात्रा पूर्ण करावी. अर्धवट मात्रेमुळे न मरणारे जीवाणू तयार होतात व ते आपल्या घरातही येतात. याच कारणाने केंद्र सरकारने दुभत्या व खाद्योपयोगी जनावरांसाठी कॉलिस्टिन या औषधावर २०१९ मध्ये, तर क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान गटातील औषधांवर २०२५ मध्ये बंदी घातली. एके काळी वासरांच्या हगवणीला सर्रास दिले जाणारे फ्युराझोलिडोन याच नायट्रोफ्युरान गटातील आहे. घरात जुनी गोळी पडून असेल तर ती वापरू नये.

आजारी वासराची देखभाल सर्वांत शेवटी करावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. लहान मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. मेलेले वासरू ओढ्या-नाल्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

विण्याच्या दिवसाची तयारी

१. कोरडे अंथरूण व गोणपाट.
२. टिंक्चर आयोडीन, उकळलेला दोरा, नवे ब्लेड.
३. उकळत्या पाण्याने धुतलेले भांडे, बाटली व निपल.
४. ग्लुकोज, मीठ, खाण्याचा सोडा किंवा जलसंजीवनीची पाकिटे.
५. भिंतीवर खडूने लिहायची जागा : वासरू जन्मल्याची वेळ, पहिला चीक पाजल्याची वेळ व चिकाचे प्रमाण.

यांतील पाचवी गोष्ट फुकट आहे आणि सर्वांत उपयोगाची आहे. रात्री दोनला म्हैस व्याली तर सकाळी धारेला येणाऱ्या माणसाला भिंतीवरून कळते की पारडाला चीक मिळाला की नाही. पेरणीची तारीख आपण लिहून ठेवतो, तशीच ही वेळही लिहावी. तिला चीक पाजा, वार आपोआप पडेल, आणि तीन वर्षांनी तेच पारडू म्हैस होऊन तुमच्या दावणीला उभे राहील.